दुसऱ्या हाताची सही

कुम्हारीहून येणारी बस पॉवर हाउसच्या स्टॉपवर थांबली की भाग्यश्री आधी सुजलेला पाय खाली ठेवी, मग स्वतः उतरे. वय बेचाळीस, पण त्या वेळी कुणी विचारलं असतं तर तिने खुशाल साठ सांगितलं असतं. दिवसभर एका पत्र्याच्या कारखान्यात ट्रकांचे गेटपास टाईप करायचे, येताना भाजी घ्यायची, स्टॉपवर ठेवलेली स्कूटी सेक्टरमधल्या क्वार्टरपर्यंत हाणायची, आणि घरात पाऊल टाकलं की बाबांची हाक. पाण्याचा पेला ओठाला लागायच्या आत हाक. गेले दोन महिने ती हाक एकाच गोष्टीसाठी होती, विमानासाठी.

भाऊराव मूळचे वर्ध्याकडचे. हिंदी मुलखातल्या या स्टील प्लांटमध्ये पस्तीस वर्षं त्यांनी मोठमोठ्या पंख्यांचे रोटर तोलले होते. माणसापेक्षा उंच रोटर दोन धारदार पट्ट्यांवर ठेवायचा, बोटाने हलकेच फिरवायचा, जी बाजू खाली येईल तिच्या समोर वजन लावायचं. मशीन आली तरी साहेब लोक शेवटी भाऊरावांनाच बोलवत, असं ते सांगत. थोडं तिखटमीठ लावलेलं असेल, पण गोष्ट खरी होती. रिटायर झाले आणि दोन वर्षांत भाग्यश्रीची आई गेली. मग ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. जेव म्हटलं तर जेवायचे, नाही म्हटलं तर तसेच राहायचे. नोकरी करून घरी आल्यावर असा माणूस समोर दिसणं म्हणजे दुसरी शिफ्टच.

आणि एक दिवस त्यांना मोबाईलवर फोमबोर्डचं विमान दिसलं. शाळेतली पोरं प्रोजेक्टला वापरतात तोच हलका पांढरा बोर्ड, ब्लेडने कापायचा, गरम गोंदाने चिकटवायचा, पुढे छोटी मोटर, पोटात बॅटरी, आणि जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायचं. भाऊराव खुर्चीतून उठले. वेळेवर जेवायला लागले, दाढी करायला लागले. घरभर फोमचा भुसा झाला, तरी भाग्यश्री एक अक्षर बोलली नाही. बाबा उठून उभे राहिले होते, यापुढे तिला काही नको होतं.

फक्त त्यांचा एक नियम होता, थेट शॉपमधून, म्हणजे प्लांटच्या वर्कशॉपमधून आणलेला. ज्याने तोल साधला त्याने तो स्वतः पास करायचा नाही. दुसऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने तपासायचं आणि सही करायची. त्याला ते दुसरा हात म्हणत. आता घरात दुसरा माणूस कोण? आई गेल्यापासून जी घरात सगळ्याच गोष्टींना पुरत होती, तीच.

पहिलं विमान तयार झालं त्या दिवशी बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली नव्हती. बाबा म्हणाले, उचलून बघ, पंखाखाली खुणा केल्यात तिथे दोन बोटं लाव, आडवं राहते का ते सांग. तिने पंखाला नुसता हात लावला, "बरोबर आहे" म्हणाली आणि वहीत सही ठोकून कुकर लावायला गेली. रविवारी मैदानात राजदीपने ते हवेत सोडलं. राजदीप म्हणजे मागच्या गल्लीतला प्लांटमधला तरुण इंजिनिअर, दर रविवारी विमानं उडवणारा. विमान दहा हात गेलं, नाक खाली घातलं आणि जमिनीवर आपटून दोन तुकडे झालं. राजदीप म्हणाला, हवा होती. हवा कसली, कडेच्या टपरीचा धूर सरळ वर चालला होता. भाऊरावांनी आधी बोर्डाला नावं ठेवली, मग गोंदाला, मग मोटरला. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाबद्दल ती हसत म्हणाली असती. त्या दिवशी तिला हसू आलं नाही.

दुसरं विमान या शनिवारी पुरं झालं. त्या दिवशी ती जरा लवकर आली आणि चपला काढता काढता दारातच थांबली, कारण भाऊराव तोल बघत होते आणि त्यांना तिची चाहूल लागली नव्हती. त्यांनी विमान दोन बोटांवर उचललं. ते डुगडुगलं आणि शेपटीकडे घसरलं. त्यांनी नाकात एक वॉशर घातला. पुन्हा उचललं, पुन्हा डुगडुगलं. आणखी एक वॉशर. मग आणखी एक, असे सहा होईपर्यंत. चेहऱ्यावर तोच जुना शॉपमधला भाव, ओठ मिटलेले, मान तिरकी. बोटं मात्र कापत होती. विमान बिचारं करणार काय, ज्यावर उभं होतं तेच हलत होतं.

तिला आधी माहीत नव्हतं असं नाही. सकाळी पंखा बंद असताना बाबांच्या हातातल्या पेपरच्या पानांची फडफड ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. पण ऐकलेलं मनावर घ्यायलाही अंगात जीव लागतो.

"आली का? ये, दुसरा हात लाव," भाऊराव म्हणाले आणि वही पुढे केली.

हो म्हणून सही केली तर उद्या हेही विमान नाकावर पडणार. खरं सांगितलं तर बाबांना कळणार की ज्या बोटांवर पस्तीस वर्षं काढली ती आता कामाची राहिली नाहीत, आणि मग ते खिडकीजवळच्या त्या खुर्चीत जाऊन बसणार, कायमचे. ती खुर्ची तिला समोर दिसत होती. तिला वाटलं, आजच्या दिवस हो म्हणावं आणि जाऊन आडवं व्हावं. इतकं दमल्यावर खोटं बोलणं फार सोपं असतं.

तिने खुणांवर बोटं लावून विमान उचललं. नाक तडक खाली गेलं. तिने एक वॉशर काढला, पुन्हा उचललं. दुसरा काढला. सहातले पाच निघाले तेव्हा विमान तिच्या बोटांवर आडवं राहिलं, नाक जरासं खाली, जसं हवं तसं. हललं नाही.

"बाबा, शेपूट जड नव्हती," ती म्हणाली. "तुमचे हात हलून राहिले."

भाऊरावांनी तिने काढलेले वॉशर एकेक करून मोजले. मग त्यांनी विचारलं, "मागच्या खेपेले तू उचललंच नव्हतं ना?"

"नाही."

"मले दिसलं होतं. तुयाकडं पाहूनच राहिलो होतो मी. शॉपमधे अशी सही करणाऱ्याले मी दुसऱ्या दिवशी उभा नाही केला कधी."

"मंग बोलले कावून नाही?"

"तू बसमधून उभ्यानं आली होती," भाऊराव म्हणाले. "तोंड पाहिलं तुयं. म्हटलं, पडते तं पडू दे विमान."

तिला वाटत होतं बाबांना विमानापलीकडे काही दिसत नाही, आणि हा माणूस तिच्यासाठी आपलं विमान डोळ्यांदेखत पडू देऊन वर गोंदाला नावं ठेवत बसला होता. ती त्यांना सांभाळत होती, ते तिला. दोघांच्या या दयेपायी खरं बोलणारं घरात कुणी उरलंच नव्हतं.

रविवारी राजदीपने विमान सोडलं. ते घसरलं नाही, डुललं नाही, सरळ वर चढलं आणि पाण्याच्या टाकीवरून मोठी गिरकी घेऊन परत आलं. मैदानातली पोरं ओरडली. विमान जितकं सरळ जात होतं तितकं भाग्यश्रीला रडू येत होतं, कारण त्या सरळपणात बाबांच्या हातांबद्दलचं काल संध्याकाळचं तिचं म्हणणं अक्षरशः खरं ठरत होतं. भाऊराव मान वर करून बघत होते. राजदीप खुशीत म्हणाला, "अंकल, बैलेंस एकदम सही बैठा है आपका."

"मेरा नहीं," भाऊराव म्हणाले. "इसका है. मुझसे अब नहीं होता."

राजदीपने नजर पुन्हा आकाशाकडे वळवली. भाऊराव मैदानाच्या कडेच्या कठड्यावर लेकीशेजारी येऊन बसले.

"सोमवारी अर्धी सुट्टी भेटन का तुले?" त्यांनी विचारलं. "डॉक्टरले हात दाखवून येऊ म्हणतो."

भेटन, ती म्हणाली. मग चारचौघांत, पोरं बघत असताना, ती तिथेच बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि भाऊरावांनी तिला रडू दिलं.