पाच गोड वाक्यं

"माझा उदय गोऱ्या लोकांना इंग्रजी शिकवतो," असं इंदूबाई काशीगावातल्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसल्या होत्या. भाजीवाल्यालाही सोडलं नव्हतं, त्याला हिंदीत सांगितलं होतं. त्यांची सून संध्या हे ऐकायची आणि कणीक मळायची. उदयचं ते इंग्रजी लिहायची कोण? तीच की!

उदय तिचा धाकटा दीर. ग्रंथालयांसाठी एक फुकटचं सॉफ्टवेअर होतं, जगभरातली माणसं हौसेने त्याचा कोड लिहायची. कोणी कोड पाठवला की तो तपासून आत घ्यायचा की परत करायचा, हे आता उदयच्या हातात होतं. कोड त्याला छान कळायचा, ते नाकारून चालणार नाही. पण तोंड फाटकं. 'डोकं गहाण ठेवून लिहिलंय का' या थाटाचे, मोडक्या इंग्रजीतले शेरे. ते आधी वहिनीच्या व्हॉट्सॲपवर यायचे. ती त्यातला विखार काढायची, माणसाने माणसाशी बोलावं असं इंग्रजी करायची आणि परत पाठवायची. मशीनकडून करून घ्यायची सोय नव्हती. हे सगळं सुरू करणाऱ्या जर्मन म्हाताऱ्याला तसलं लिखाण एका ओळीत ओळखू यायचं आणि ते त्याला खपायचं नाही. तीन वर्षं हे असं चाललं होतं.

मुलगी सान्वी पहिलीत गेली तशी संध्याने नोकरी शोधायला घेतली. लग्नाआधी ती एका कंपनीत सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहायची. ठाण्यातल्या एका कंपनीतल्या बाईंना ती पसंत पडली. पण त्या म्हणाल्या, "आठ वर्षांची गॅप आहे हो. तुमच्या नावावरचं काही काम दाखवा. महिनाअखेरपर्यंत मी थांबते."

नावावरचं! तीन वर्षं राबून तिच्या नावावर एक ओळ नव्हती.

"भाऊजी, सॉफ्टवेअरला हातभार लावणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लागेल का हो?" तिने विचारलं.

"असंच नाही ना लावता येत, वहिनी. तू तुझ्या नावाने बदल पाठव. आपल्या मदतपुस्तिकेचं इंग्रजी बेकार आहे, ते नीट कर. मी घेतो ना आत."

संध्याने तीन आठवडे घालवले. सान्वी शाळेत गेली की बसायची ती थेट कुकरची वेळ होईपर्यंत. चाळीस पानं तिने धुऊनपुसून लख्ख केली, स्वतःच्या नावाने पाठवली. उदय म्हणाला, "बघतो."

त्याच आठवड्यात कॉलेजच्या पोरांनी त्याला हैराण केलं होतं. एखादा स्वल्पविराम हलवायचा आणि यादीत नाव मागायचं, असा त्यांचा धंदा. "वहिनी, नकाराचा एक नमुना लिहून दे," उदय म्हणाला. "बटण दाबलं की सगळ्यांना तोच गेला पाहिजे. पण गोड लिही. कोणी दुखावलेलं म्हाताऱ्याला चालत नाही. नाही म्हटलंय हे पोरांना दोन दिवसांनी कळलं पाहिजे."

संध्याने जीव ओतून पाच वाक्यं लिहिली. तुमच्यासारख्या हातांनीच हे काम उभं राहिलं, आता तुम्हाला याहून मोठ्या कामासाठी मोकळं करताना आनंद वाटतो, असं सगळं. उदयने वाचायच्या भानगडीत न पडता 'मस्त' म्हटलं आणि बटणाला जोडून टाकलं. म्हाताऱ्याला मात्र ती वाक्यं इतकी आवडली की त्याने तेच सगळ्यांसाठी नकाराचं कायमचं उत्तर ठरवलं.

महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा संध्याच्या मोबाइलवर मेल आली. ती उभ्या उभ्या वाचायला लागली, दुसऱ्या वाक्यापर्यंत खूश होती. मग शब्द ओळखीचे वाटले. तिचीच पाच वाक्यं होती ती; तिची चाळीस पानं नाकारली होती.

जेवताना तिने विचारलं. उदय मान वर न करता म्हणाला, "नियम केलाय ना आता. नुसतं इंग्रजी सुधारणं म्हणजे काम नव्हे. आणि घरचं माणूस घेतलं तर लोक बोंब मारतील. पुढच्या महिन्यात म्हातारा सगळं माझ्यावर सोपवतोय, उगाच रिस्क कशाला?"

"मग आधीच सांगायचं होतंत."

"विसरलो गं. आई, आमटी वाढ."

"तुझं काय अडलंय गं नोकरीवाचून?" आमटी वाढता वाढता इंदूबाई म्हणाल्या. संध्याला त्या दोघांचा असा राग आला की ती अर्ध्या ताटावरून उठली. ठाण्याच्या बाईंनी एक तारखेला दुसरीच कोणी घेतली.

चार दिवसांनी उदयचा नवा मजकूर आला. म्हाताऱ्याने उदयच्याच कोडमध्ये चूक काढली होती आणि याचं डोकं फिरलं होतं. वय झालंय, कळत नसेल तर आधी शिका, माझा वेळ खाऊ नका, असं त्याने म्हाताऱ्याला लिहिलं होतं. "पटकन नीट करून दे, वहिनी," तो दारातूनच म्हणाला.

एरवी तिने अर्धा तास घातला असता. आज दोनदा वाचलं, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "बरोबर आहे. काही बदलायला नको."

"नक्की?"

"नुसतं इंग्रजीच तर आहे, भाऊजी."

त्याने पाठवून दिलं.

दोन दिवसांनी उदय मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आला. "आई, म्हाताऱ्याचं उत्तर आलं! म्हणतो, तुमच्यासारख्या हातांनीच हे उभं राहिलं. मोठ्या कामासाठी मला मोकळं करतोय. झालं बघ, सगळं माझ्याकडे आलं!" इंदूबाईंनी लगेच खाली दुकानात फोन करून पेढे मागवले, आणि शेजारच्या दोन दारांवर थाप मारून आल्या.

"तू वाच ना, वहिनी," म्हणत त्याने मोबाइल संध्याच्या हातात दिला.

तिने वाचलं. पाच वाक्यं होती. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नव्हतं.

"चांगलं लिहिलंय ना गं?" इंदूबाईंनी विचारलं.

"फार चांगलं लिहिलंय, आई," संध्या म्हणाली, आणि पेढे आले तसा पहिला पेढा तिने स्वतःच्या हाताने उदयला भरवला.