उष्णता

"उष्णता हाय, सिस्टर. लातूरच्या मेसचं तिखट लई," शिवशंकरअप्पा पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा उज्वला सिस्टरनं सिरिंजचं पाकीट टरकन फाडलं. उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, हा माणूस तूर चिमटीत धरून तिचं गाव सांगायचा. लेकाचा रिपोर्ट मात्र डॉक्टरांनी दोनदा समजावूनही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हता. आठवडाभर त्यांनी त्याला सब्जा पाजला होता.

अप्पांना फोन आला, ते बाहेर गेले. एकोणीस वर्षांचा मन्मथ, नीटचा रिपीटर, भिंतीकडे बघत बसला. आजार कोणता ते कळलं का, असं तिनं विचारलं. त्यानं गनोरियाच्या जंतूचं शास्त्रीय नाव सांगितलं. टेस्ट सिरीजमध्ये बरोबर आलं होतं म्हणे.

"मग अक्कल कुठं होती?"

"सिस्टर, ते पेपरातलं होतं."

मित्राच्या वाढदिवसाला बिअर होती. पुढचं नीट आठवत नव्हतं. मेडिकलवाला अप्पांच्या ओळखीचा, म्हणून त्याच्याकडं निरोध मागायची लाज वाटलेली. बिअर आणताना नव्हती वाटली.

उज्वलाला त्याच्यापेक्षा शाळांचा राग आला. व्यसनमुक्तीची शपथ सगळे हात पुढं करून घेतात. ती गुप्तरोगांवर बोलायला गेली, की हेडमास्तर चहा पाजून रांगोळी स्पर्धा ठेवतात.

"ती पोरगी कोण?"

"ऋतुजा. क्लासमधलीच. तिला काही त्रास नाही."

बाईला बरेचदा काही जाणवत नाही आणि आत नासाडी होत राहते, हे उज्वलानं त्याला सांगितलं. आजच कळव म्हणाली. पण त्याचा मोबाईल अप्पांच्या खिशात होता, आणि अप्पा दारात येऊन ठेपले होते.

"परक्याच्या पोरीचं आपल्याला काय करायचंय? पोराचं नाव खराब व्हतंय."

"अन् तिची कूस खराब झाली तर चालतंय का, अप्पा?"

ते गाडी काढायला गेले.

बाकड्यावर डोक्यावरचा पदर सावरत बसलेली महानंदा, मन्मथची आई, आल्यापासून सगळं ऐकत होती. ती उठली. तिनं आतून कडी लावली आणि पिशवीतला आपला फोन लेकापुढं धरला.

"लाव."

"अव्वा, अप्पा..."

"लाव म्हणलं ना."

पलीकडून आवाज आला, तसा मन्मथनं फोन आईकडं सरकवला. महानंदानं फोन आपल्या कानाला लावला.

"बाळ, मी मन्मथची आई. तू जरा बसून ऐक."

बाहेरून अप्पांनी दारावर थाप मारली. ती दाराला पाठ लावून बोलत राहिली.