मार्थाला मी काय सांगितलं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा उडवलं. कारण यात वाईट माणूस शोधायला गेलं तर मीच सापडतो.

मी साईराज. घोडबंदरला राहतो. इंग्लिश मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो. त्याच जोरावर सिल्व्हर पार्कच्या एका संस्थेत लागलो, पाहुण्यांचं भाषांतर करायला. धम्मदीप माझा शाळेपासूनचा दोस्त, तोपण तिथेच कामाला. आमच्या वस्तीतलं पाळणाघर त्याने आणि त्याच्या कांताआत्याने उभं केलं. सकाळी सहाला उघडायचं, कारण बायका धुणीभांड्याला सहालाच निघतात.

पाळणाघराचा खर्च संस्था देते, आणि संस्थेला मदत परदेशातून येते. मार्चमध्ये तिकडून मार्था आली. साधी बाई. म्हणाली, आम्ही गोऱ्यांनी खूप वर्षं तुमच्या वतीने ठरवलं, तो वर्णद्वेषच होता, आता इथले लोक ठरवतील. मला भारी वाटलं. इथले म्हणजे कोण, ते तिने विचारलं नाही. ऑफिस चालवणाऱ्या आमच्या संचिता मॅडमनी गृहीतच धरलं, इथले म्हणजे आपण.

मॅडमना पाळणाघर ऑफिसच्या खाली आणायचं होतं. दहा ते पाच. पाहुण्यांना दाखवायला सोपं.

मार्थाने वस्तीचं मत ऐकायला धम्मदीपला बोलावलं. मॅडम दारातच म्हणाल्या, "साईराजजी, आप यहाँ बैठिए. धम्मदीप, तू वो स्टूल ले ले." आम्ही दोघं एकाच बाकावर शिकलो.

धम्मदीप बोलला, "हिला सांग, पाळणाघर हलवलं तर संपलं. सहाला निघणारी बाई दहापर्यंत पोर कुठे ठेवणार? आणि हेपण सांग, सहा वर्षं मी इथे काम करतोय, अजून माझ्याशी आडनाव बघून बोलतात. गोऱ्यांनी ठरवणं सोडलं, ते यांनी पकडलं. आमच्यापर्यंत काय आलंच नाय."

मॅडमना मराठी चांगलं येतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. माझं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये रिन्यू व्हायचं होतं.

मी इंग्लिशमध्ये सांगितलं, "तो खूप हॅप्पी आहे. वेळेबद्दल छोटी सूचना आहे. ऑफिसवर विश्वास आहे."

मार्था हसली, लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "बढ़िया किया आपने."

मेमध्ये पाळणाघर सिल्व्हर पार्कला गेलं. बाहेर बोर्ड आहे, स्थानिक लोकांनी चालवलेलं. घोडबंदरची एकही बाई तिथे पोर सोडत नाही. कांताआत्याची सून काम सोडून घरी बसलीय.

काल धम्मदीपला टपरीवर गाठलं. मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो.

"भाषांतर नको करू," तो म्हणाला. "सरळ बोल."

सांगितलं सगळं.

"माहितीय. हॅप्पी ऐकलेलं मी. तेवढं इंग्लिश मलापण येतं."

"मग तेव्हाच का नाय बोललास?"

"वाटलं मलाच नीट कळलं नसेल." त्याने ग्लास खाली ठेवला. "माझ्या कानापेक्षा तुझ्यावर जास्त भरोसा होता ना."



मी म्हटलं, "भाषांतराला लागतं म्हणून त्या दिवशी मोबाईलवर रेकॉर्डिंग केलेलं, ते माझ्याकडे आहे. सोमवारच्या आत तुझं एकेक वाक्य मार्थाला पाठवतो. खाली लिहितो, खोटं मी बोललो."

"आडनावाचंपण?"

"आडनावाचंपण. आणि तुला स्टूलवर बसवलं, ते मी माझ्याकडून लिहीन."