चष्मा पडला

"याचा नंबर काढ." थोरल्यानं कागदात गुंडाळलेला चष्मा काउंटरवर ठेवला.

बाकावरचे आजोबा चटकन सरकले. "आधी वाघाचं बघ रे भिंग्या. माझे डोळे काय, पळून जातात?"

भिंग्या हसला, म्हणजे नुसते दात दिसले. महिनाभर हेच चाललं होतं. थोरला लढाईवरून परतला आणि तीन वर्षं या दुकानात काचा घासणारा भिंग्या एका रात्रीत 'वाघाचा भाऊ' झाला. घरात तर कहर. भिंतीवरच्या एकुलत्या एक खिळ्यावर भिंग्याचं विज्ञान प्रदर्शनातलं प्रशस्तिपत्र होतं. आईनं ते उतरवून तिथं पदक लावलं. "दुसरा खिळा ठोकते ना रे," ती म्हणाली होती. तो खिळा अजून ठोकला जायचा होता.

आणि साहेबांची मिजास! दोघं एकाच खोलीत झोपत. पूर्वी भिंग्या उठला की थोरला न मागता चष्मा हातात द्यायचा. आता भिंग्याची बोटं चाचपडू लागली की हा ताडकन उठून बाहेर. पदकवाला माणूस भावाचा चष्मा कशाला उचलेल?

तशी वाटणी जुनीच होती. लहानपणी लढाईच्या खेळात थोरला सेनापती आणि शत्रू कायम भिंग्या. सवलत एकच: 'चष्मा पडला!' असं ओरडलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. नियम थोरल्यानंच केला होता. पुढे खऱ्या भरतीला दोघं बरोबर गेले. थोरला पास झाला, भिंग्याला डोळ्यांवरून घरी पाठवलं. आता नव्या भरतीत चष्मेवाल्यांनाही घेणार होते. फक्त सैन्यातल्या नातेवाइकाची सही हवी होती. भरलेला फॉर्म आठ दिवस ड्रॉवरमध्ये पडून होता. सही मागायला जीभ रेटत नव्हती.

आजोबा गेल्यावर त्यानं कागद उलगडला. चष्म्याची एक दांडी तारेनं बांधलेली होती. आतल्या बाजूला परक्या लिपीतली बारीक अक्षरं.

"त्यांच्यातल्या कुणाचा?"

"हं."

शिकार दाखवायला आणलीय, भिंग्या मनात म्हणाला. त्यानं चष्मा यंत्रात बसवला, चाक फिरवलं, हिरव्या रेघा जुळवल्या. उजवा उणे सहा. डावा उणे सव्वासहा. त्यानं पुन्हा मोजलं. त्याचे स्वतःचे दोन्ही उणे सहा होते.

"माझ्याहून पाव नंबरनं जास्त! आणि याला घेतलं?" तो बोलून गेला. थोरल्याचा हेवा त्याच्या अंगवळणी पडला होता. आज त्याला शत्रूचाही हेवा वाटला.

"चष्म्याशिवाय त्याला कुठवर दिसत असेल?" थोरल्यानं विचारलं.

"स्पष्ट? सोळा सेंटिमीटर. वीतभरही नाही."

"मी दहा पावलांवर उभा असलो तर?"

"कुणीतरी उभं आहे, एवढंच."

"हातातली बंदूक?"

"दादा, गणवेश कुणाचा तेसुद्धा कळणार नाही."

थोरला काउंटरच्या काचेकडे बघत राहिला. "म्हणजे मी त्याला त्यांच्यातलाच वाटलो. गुडघ्यांवर बसून माती चाचपत होता, अगदी तुझ्यासारखा, बोटं पसरून. माझी चाहूल लागली तर हसला. हात पुढे केला. काहीतरी म्हणाला. मला त्यांची भाषा येत नाही." त्यानं भिंग्याकडे पाहिलं. "पण काय म्हणाला ते कळलं, भिंग्या."

भिंग्याला विचारायचं नव्हतं. तरी त्यानं विचारलं, "मग?"

"मी थांबलो नाही."

बाहेर सायकलची घंटा वाजून गेली.

"आपण म्हणायचो ना, मर्द पाठीवर वार करत नाही," थोरला म्हणाला. "मीही नाही केला. समोरून केला. सगळं नियमात."

गिऱ्हाइकाचा चष्मा पुसल्याशिवाय परत द्यायचा नाही, ही दुकानाची रीत. फडकं काढायला भिंग्यानं ड्रॉवर उघडला. वरच फॉर्म होता. थोरल्यानं तो पाहिला.

"सही हवीय?"

भिंग्यानं फॉर्मखालचं फडकं ओढून घेतलं आणि ड्रॉवर लावला. दोन्ही काचा दोन्ही बाजूंनी सावकाश पुसल्या. हेवा गेला होता असं नाही. पण तो आता कुणाचा करायचा, ते त्याला सुचेना.

सकाळी जाग आली तेव्हा त्याचा हात सवयीनं स्टुलाकडे गेला. चष्म्याला धक्का लागला, तो खाली पडला. पलीकडची खाट करकरली. एक उंच, धुरकट आकृती उठून दाराकडे निघाली.

भिंग्यानं हात आवरला.

"दादा," तो म्हणाला, "चष्मा पडला."

पावलं थांबली. मग ती आकृती वळली, गुडघ्यांवर बसली आणि बोटं पसरून जमीन चाचपू लागली. फरशीवर फ्रेमचा बारीक आवाज झाला. चष्मा सापडला होता. तरी आकृती उठेना.

वीतभरापलीकडचं भिंग्याला काही स्पष्ट दिसत नव्हतं. त्यानं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.