आरशाला दाखवायची राहिलेली जीभ

ग्लेब सुखारेव स्पर्धेला निघाला आणि जिन्यावरूनच परत फिरला, कारण खेळायचे बूट घरीच राहिले होते. बूट काखोटीला मारून तो पुन्हा पळाला. विसरलेल्या वस्तूसाठी परतलेल्या माणसाने आरशात बघून स्वतःला जीभ दाखवावी आणि मगच उंबरा ओलांडावा, नाहीतर कामाचा विचका होतो, हे त्याच्या सिझरान शहरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ग्लेब मात्र आगगाडीच्या घाईत तसाच गेला. सासूबाई क्लावदिया सेम्योनोव्हना यांनी ते स्वयंपाकघरातून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

वेळ आधीच नाजूक होती. चौतिशीतला बॅडमिंटनपटू म्हणजे उतारावरची गाडी. सारान्स्कची स्पर्धा जिंकली तर राष्ट्रीय संघातली जागा टिकणार, नाहीतर सासूबाईंच्या भावाने काकडीच्या लोणच्याच्या कारखान्यात नोकरी तयारच ठेवली होती. काम काय, तर बरण्यांची झाकणं घट्ट बसलीत का ते बघायचं. "माशा मारायची जाळी हलवण्यापेक्षा बरं," असं सासूबाई लग्नापासून म्हणत आल्या होत्या. रॅकेटला त्या कधी रॅकेट म्हणाल्याच नाहीत.

सारान्स्कला पहिल्याच सामन्यात ग्लेबच्या रॅकेटची तार तुटली. दुसऱ्यात पोटरीत गोळा आला. रडतखडत तो अंतिम सामन्यात पोचला खरा, पण तिथे तीखोन नावाच्या कोवळ्या पोराने त्याला पहिल्या गेममध्ये धू धू धुतलं. घाम पुसत तो खुर्चीकडे वळला, तर कठड्यापाशी सासूबाई उभ्या. हातात घरच्या दारातला लांबलचक आरसा, गोधडीत गुंडाळलेला.

"क्लावदिया सेम्योनोव्हना! तुम्ही इथे? हा आरसा घेऊन?"

"गाडीत याच्यासमोर अख्ख्या डब्याने दाढ्या केल्या. बोलू नकोस, जीभ काढ."

"अहो, इथे न्हाणीघरात आरसा आहे की."

"अपमान केलास घरच्या आरशाचा आणि माफी मागणार परक्याची? काढ म्हणते ना!"

सासूबाईंनी गोधडी ओढली. ग्लेबने आजूबाजूला बघितलं आणि मुळापासून जीभ बाहेर काढली. दुर्दैव असं की त्याच्या बरोबर मागे उंच खुर्चीवर पंच बसले होते, आणि आरशातली ती जीभ थेट त्यांच्याच डोळ्यांना भिडली. पंचांनी तत्काळ पिवळं कार्ड काढलं.

"मला जीभ दाखवतोस?"

"तुम्हाला कोण दाखवतंय!" सासूबाई कडाडल्या. "घरी परत आला होता बुटांसाठी, आणि न बघताच गेला!"

पंचांचा चेहरा उतरला. "न बघताच? आणि इथवर खेळला?" ते हळूच खाली उतरले. "कार्ड दिलं ते दिलं. पण बाई, जरा इकडे धरा. सकाळी चष्म्यासाठी मीपण परतलो होतो." आणि प्रेक्षकांसमोर त्यांनी आरशाला जीभ दाखवली.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. "काकू, मलापण द्याल?" तीखोन होता. "मोबाईलच्या चार्जरसाठी मीपण परतलो होतो. विसरलोच होतो, तुम्ही आठवण करून दिलीत."

सासूबाईंनी झटकन गोधडी टाकली आरशावर. "तू जिंकतोयस की रे! आमचा आरसा आमच्या माणसासाठी आहे." मग त्या जावयाच्या कानाशी लागल्या. "आठवलंय आता त्याला. बघ कसा पांढरा पडलाय. आता गप्प राहिलास की संघातली जागा तुझी."

ग्लेबने पाहिलं. पोराच्या हातून शटल दोनदा खाली पडलं होतं. बरण्यांची झाकणं त्याच्या डोळ्यांसमोर रांगेने उभी राहिली. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला, कारण आपण काय बोलणार आहोत हे त्याला कळून चुकलं होतं.

"दाखवा त्याला," तो म्हणाला. "भेदरलेल्या पोराला काय हरवायचं!"

"मूर्खा!" सासूबाई म्हणाल्या, पण गोधडी बाजूला केली.

मग जो खेळ झाला त्याला तोड नव्हती. दुसरा गेम ग्लेबने खेचून आणला. तिसऱ्यात वीस-वीस झाले, एकवीस-एकवीस झाले, आणि शेवटी ग्लेबचं शटल जाळीला लागून त्याच्याच बाजूला पडलं. ते तिथे पडलेलं तो बघत राहिला. त्याला फार वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं.

परत निघताना सासूबाईंनी आरसा गोधडीत गुंडाळला आणि दोरीच्या घट्ट गाठी मारल्या. रस्त्यावर आल्यावर ग्लेब थबकला. त्याचे हात रिकामे होते. रॅकेटची पिशवी खुर्चीखालीच राहिली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "झाकणं तपासायला रॅकेट कशाला लागते!"

सासूबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. मग आरसा भिंतीला टेकवला, खाली बसल्या आणि दातांनी गाठी सोडवायला लागल्या.

"जा, रॅकेट घेऊन ये," त्या दोरी चावत म्हणाल्या. "मी आरसा धरून उभी राहते."