न ढळणारा सिग्नल

टुण्ण!

दुपारच्या शांततेत दुधाच्या वाटीत काहीतरी पडलं आणि ती दचकून वळली. तापातून उठलेली पिटुकली टेबलापाशी उभी होती. टेबलावरच्या रेडिओ-पेटीवरची एक अँटेना आटे फिरवून काढून तिने वाटीत घातली होती आणि वर ढवळत होती.

"अगं बये! उद्या दाखवायचंय ते सगळ्यांना!"

"साखर विरघळत नाहीये," पिटुकलीने गंभीरपणे सांगितलं.

आईला हसू फुटलं. हसता हसता नजर स्क्रीनवर गेली आणि हसू तिथेच विरलं. चित्र चालूच होतं. खाली चार अँटेनांच्या सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या चार रेघा. जी अँटेना दुधात होती तिची रेघसुद्धा तसूभर हलली नव्हती.

पोरीच्या तापामुळे तिने सगळं सामान प्रयोगशाळेतून घरी आणलं होतं; पाठवणारी पेटी आतल्या खोलीत होती, दारं लावलेली. तिथून चित्र हवेतून निघायचं आणि या चार अँटेनांनी मिळून ते पकडायचं, हाच तर वर्षभराचा खटाटोप. तिने दुसरी अँटेना काढली. तिसरी. चौथी. चित्र आपलं मजेत चालू.

म्हणजे ते हवेतून येतच नव्हतं. दोन्ही पेट्यांनी एका ठेक्यात चालावं म्हणून दाराखालून घड्याळाची केबल नेली होती, तिच्यावरून ते चोरपावलांनी येत होतं. बहुधा पहिल्या दिवसापासून, प्रयोगशाळेतही. हवेतून आलं असतं तर प्रत्येक रेघेचा नूर वेगळा दिसला असता, हे ती नव्या मुलांना घसा फोडून शिकवायची. स्वतःच्या चार जुळ्या रेघा पाहून मात्र वर्षभर हरखत होती, की बाई, काय स्थिर सिग्नल आहे आपला!

केबल काढून तिने दोन्ही पेट्या आपापल्या घड्याळावर टाकल्या, अँटेना पुसून घट्ट बसवल्या. स्क्रीन काळी. पुन्हा पाहिलं. काळीच.

तिने प्रयोगशाळा चालवणाऱ्या दादांना फोन लावला. घडलं ते सगळं सांगितलं.

"केबल परत लाव आणि गप्प बस," ते म्हणाले. "उद्या पैसे देणाऱ्या पाहुण्यांनी मान हलवली नाही, तर परवा कुलूप. तू घरी, मी घरी."

"पण दादा, हे खोटं आहे."

"वर्षभर खोटंच होतं की. तेव्हा झोप लागत होती ना?"

फोन ठेवून ती जमिनीवरच बसली. या खोट्यापायी तिने पिटुकलीला रोज झोपेतच सासूबाईंकडे सोडलं होतं. परवा ताप चढला तेव्हा पोर आजीलाच बिलगली, आईकडे यायलाही तयार नव्हती. ते दुखलं तेव्हा तिने मनाची समजूत घातली होती, काहीतरी घडतंय ना आपल्या हातून.

पिटुकली हळूच येऊन मांडीत शिरली. अंग अजून कोमट होतं. काळ्या स्क्रीनकडे तिने जरा वेळ पाहिलं.

"आई, चित्र गेलं ना? मग उद्या तू कशाला जाणार?"