निळ्या चेहऱ्याचं दर्शन

रोह्याजवळच्या वरसे गावात, महाराजांच्या मंडपात दोनशे माणसं श्वास मोजत बसली होती. प्रत्येकाच्या हातात पोस्टकार्डाएवढं एक चित्र. चित्रात बिंबनाथ महाराज: चेहरा निळसर, दाढी पांढरी, कफनीही निळी, कपाळावर आकाशी टिळा.

"हे माझं जगाचं विष प्यायलेलं रूप!" महाराज माईकवरून सांगत होते. "टिळ्यावर नजर ठेवा. पापणी मिटली की भक्ती तुटली! तीस श्वास झाले की समोरच्या भिंतीकडे पाहा. ज्याची श्रद्धा खरी, त्याच्यासाठी मी विष टाकून मूळ रूपात येईन. त्याचा रोग मी प्यायलो असं समजा."

तिसावा श्वास झाला. माना वर गेल्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर भगवी कफनी, काळी दाढी आणि लाल टिळा तरंगायला लागला.

"आले! महाराज आले गो!" बायका रडायला लागल्या. पुरुषांनी चपला काढल्या.

मागच्या रांगेत बसलेल्या रोहिणीलाही महाराज दिसले. तिची तर कवडीची श्रद्धा नव्हती. आठवड्याची एकच सुट्टी, तीही सासूच्या हट्टापायी इथे वाया चालली होती. तिने हातातलं कार्ड पुन्हा पाहिलं. हे कार्ड तिनेच केलं होतं.

पेणच्या इद्रीसभाईंच्या छापखान्यात ती चौदा वर्षं कॉम्प्युटरवर बसत होती. महिन्यापूर्वी महाराजांचा शिष्य साईराज फोटो घेऊन आला होता. "याचे सगळे रंग उलटे करून द्या," म्हणाला. लग्नपत्रिकांचा ढीग पडलेला, त्यात कोण विचारतंय कशाला? तिने दोन कळा दाबल्या, रंग उलटले, कार्डं छापून गेली.

घरी येऊन तिने सासूच्या, बायजाबाईच्या, पायाची पट्टी सोडली. मिठागरात जन्म गेलेले ते पाय. त्यात साखरेचा आजार. करंगळीची जखम काळी पडली होती.

"आई, गोळ्या घेतेस ना?"

"नाय. पयल्या दिवशी दर्शन झालं, तवाच सोडल्या. आठ दिस झाले. आता गोळी घेतली तर महाराजांवर अविश्वास नाय का गो?"

रोहिणीने समजावलं, रागावली, शेवटी हात जोडले. म्हातारी हलेना. "तू काय सांगतंस? माज्या डोल्यानी बगितलं मी!"

यावर बोलून उपयोग नव्हता. सोमवारी कामाला गेल्यावर तिने इद्रीसभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आपल्या मशीनवरून गेलं ते. काय छापायचंय ते छाप. कागद मी देतो."

स्टेशनवरून भक्तांना मंडपात आणणारा रिक्षावाला काळुराम. झुपकेदार मिशा, लाल शर्ट. त्याला विचारून तिने त्याचा फोटो काढला, रंग उलटे केले, नाकावर एक ठिपका दिला आणि तशीच कार्डं छापली.

मंगळवारी रजा टाकून ती सासूला घेऊन मंडपात गेली आणि कार्डं वाटायला लागली.

साईराज धावत आला. "ताई, हे काय? श्रद्धा नसेल त्याला काही दिसत नसतं!"

"मला नाय श्रद्धा. मला रविवारी महाराज दिसले. आता ह्यांना कोण दिसतो ते बघू." ती लोकांकडे वळली. "तीस श्वास. नाकावरच्या ठिपक्यावर नजर ठेवा."

लोकांना सवय झालीच होती. तीस श्वास मोजून त्यांनी भिंतीकडे पाहिलं.

"अगो बाय! ह्यो तर काळुराम!"

मंडपभर हसू फुटलं. महाराज घाईने माईककडे सरकले. "सर्वांभूती मीच! आज मी काळुरामाच्या रूपाने..."

आणि खरोखरच दोन माणसं उठून मंडपाच्या दारात उभ्या असलेल्या काळुरामाच्या पाया पडायला गेली. तो बिचारा मागे सरकला. "अरे नको रे! सकालीच मी पॅसेंजरला शिव्या घातल्यात!"

रोहिणीला हसावं की रडावं कळेना. भांडायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "आकाशी रंगाकडे एकटक बघून डोळा त्या रंगाला थकतो. मग पांढऱ्याकडे बघितलं की त्याला उलटा रंग दिसतो, म्हणजे लाल. पांढऱ्याच्या जागी काळा, निळ्याच्या जागी भगवा. म्हणून रंग उलटे छापायचे. ते काम माझ्याकडून करून घेतलं ह्या साईराजने. विचारा त्याला."

साईराज लोकांच्या हातातली कार्डं ओढून घ्यायला लागला. मंडप निम्मा रिकामा झाला. उरलेले निम्मे बसूनच राहिले.

बायजाबाई भिंतीकडे बघत होती. "पन मला दिसलं व्हतं गो," ती हळूच म्हणाली.

"दिसलं, आई. तू खोटं नाय बोललीस. पन दिसलं ते डोल्याला. साखर रक्तात हाय."

मग म्हातारीने उठण्यासाठी हात पुढे केला.

काळुरामाच्याच रिक्षातून दोघी रोह्याच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी पाय तपासला. पाय वाचेल, करंगळी जाईल, म्हणाले. गोळ्या बंद केल्या नसत्या तर कदाचित तीही राहिली असती.

महाराज दोन दिवसांनी निघून गेले. ते दुसऱ्या गावात मंडप घालतील, कदाचित तुमच्याच. तेव्हा भिंतीवर कोणी दिसलं तर दचकू नका, आणि लगेच हातही जोडू नका. शेजाऱ्याचा फोटो तसाच उलट्या रंगात छापून बघा. शेजारीही दिसला तर काय ते समजा. आणि कोणी कितीही दर्शन घडवलं, तरी औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.